सभागृहात काय विचारलंत?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या आठवड्यात आमच्या चाळीत घरोघरी एक गुळगुळीत पुस्तिका आली. एका खासदारांचा कार्यअहवाल. पेव्हर ब्लॉक, व्यायामशाळा, नारळ फोडतानाचे फोटो. लोकसभेत काय विचारलं, ते शेवटच्या पानावर जेमतेम चार ओळींत. मला ते फार खटकलं.

गटार, दिवाबत्ती ही कामं नगरसेवकाकडे न्यायची. खासदाराला आपण दिल्लीला धाडतो ते कायदे करायला, सरकारी खर्चावर नजर ठेवायला आणि मंत्र्यांना जाब विचारायला. ५४३ जणांच्या लोकसभेत मुंबईचे सहाच आहेत हो!

तिथला पहिला तास प्रश्नोत्तरांचा. दिवसाला जास्तीत जास्त २० तारांकित प्रश्न, आणि त्यांना मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं. मूळ उत्तर खात्यानं तयार करून दिलेलं असतं. कस लागतो तो लगोलग येणाऱ्या पूरक प्रश्नांना. तिथं मंत्र्यांना विषय स्वतःला ठाऊक असावा लागतो.

डिसेंबर १९५७. आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. पोटाला चिमटा काढून लोकांनी भरलेले हप्ते, आणि त्यातला पैसा उद्योगपती हरिदास मुंदडांच्या अडचणीतल्या कंपन्यांच्या शेअरमध्ये गुंतवलेला. का गुंतवला, हे लोकसभेत लावून धरलं फिरोज गांधींनी. जन्म आपल्या मुंबईतला, खासदार रायबरेलीचे, आणि पक्ष काँग्रेस, म्हणजे सत्तेतलाच! चौकशीही इथंच मुंबईत झाली, उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे, उघडपणे, लोकांच्या समक्ष. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला.

आता कुणी म्हणेल, तो काळ वेगळा, आज पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, असतो. असतो ना. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं व्हिप मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. पण तो मतदानापुरता. प्रश्न विचारला म्हणून या कायद्यानं कुणाची खासदारकी जात नाही. म्हणून सत्ताधारी बाकांवरचा खासदार गप्प बसला, तर ती सबब मला पटत नाही.

खासदारांचे प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. आमच्या खासदारांचे प्रश्न मी वहीत उतरवून घेतलेत. येत्या रविवारी चाळीच्या फळ्यावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी, ते खडूनं लिहिणार आहे. तुमच्या जिन्याखालीही असा एखादा फळा असेलच.

नमस्कार.