हाडाला दोनच कामं येतात

(दृश्य : मिरज, सकाळ. स्टेशनच्या बाजूची गर्दी, दवाखान्यांच्या पाट्या, रिक्षातून उतरणारी माणसं.)

मिरजेत सकाळी दहाच्या सुमाराला कुठल्याही बोळात शिरा. समोरून येणाऱ्या माणसाच्या काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट असणार. कुणी जतचा, कुणी कवठे महांकाळचा, कुणी हद्द ओलांडून आलेला अथणीचा. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल काढलं, आणि तेव्हापासून या गावाला आजारी माणसांची सवय आहे. स्टँडवरचा चहावालासुद्धा तुम्ही लंगडताय कसे ते बघून कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांगतो.

आज माझ्याही काखेत एक पाकीट आहे. आजीचं. त्याच्याकडे नंतर येऊ.

(दृश्य : लांब, उंच छताची खोली. लाकडी कपाटं. टेबलावर पांढरं कापड.)

ही खोली शरीररचना शिकवणाऱ्या एका मॅडमची आहे. नाव घालू नका, असं त्यांनी बजावलंय, म्हणून नुसतं मॅडम. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या पोरांना त्या हाडं शिकवतात. त्या पोरांच्या भाषेत एक शब्द आहे, ‘अर्धा सेट’. माणसाची डावी-उजवी बाजू सारखी, मग सगळा सांगाडा कशाला घ्या? एका बाजूचे हातपाय, कवटी, मणके, एवढ्यावर भागतं. पूर्वी हा सेट खऱ्या हाडांचा असायचा आणि हॉस्टेलच्या कॉटखाली ट्रंकेत पडलेला असायचा. भारतातून परदेशीही हाडं जायची. १९८५ साली सरकारनं ती निर्यात बंद केली. आता पोरं प्लास्टिकची हाडं घेतात. कपाटातली ही जुनी हाडं मात्र खरी आहेत. कुणाची, ते कुठंच लिहिलेलं नाही.

मॅडमचा खरा जीव आहे तो हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांच्या आजारात. या विद्येला पुराविकृतिशास्त्र म्हणतात. उच्चारताना जीभ अडखळते, पण काम सोपं सांगता येतं. उत्खननात सांगाडा निघाला की त्या माणसाला काय दुखत होतं, ते हाडावरून ओळखायचं.

(दृश्य : टेबलावर पायाचं लांब हाड. मॅडमचा हात.)

“डोळे मिटा आणि बोट फिरवा,” मॅडम म्हणतात.

हातात नडगीचं हाड. वरून खाली बोट सरकतं. घोटीव शहाबादी फरशीसारखं गुळगुळीत, थंड. मग मध्येच, चार बोटं लांबीचा एक पट्टा लागतो. खरखरीत. बाभळीच्या सालीवरून बोट फिरवावं तसा. आणि पुन्हा गुळगुळीत.

“हे त्याचं दुखणं.”

हाडाला दोनच कामं येतात, असं मॅडम म्हणतात. भर घालायची, नाहीतर झिजायचं. तिसरं काही येत नाही. वरच्या आवरणाला सूज आली, की शरीर तिथं घाईघाईनं नवं हाड टाकतं. पाऊस यायच्या आत उरकलेल्या गिलाव्यासारखं ते भुसभुशीत, विस्कटलेलं असतं. माणूस जगला, तर पुढं सवडीनं त्यावर रंधा फिरतो आणि ते दाट, सपाट होत जातं. म्हणून खरखरीत भर दिसली तर मरताना दुखणं चालू होतं. गुळगुळीत टेंगूळ दिसलं तर दुखणं येऊन बरं झालं होतं.

इथवर ऐकल्यावर मला वाटलं, हे सोपं आहे. मॅडम हसल्या. आजार शंभर आणि हाडाची उत्तरं दोन. नडगीवरचा हाच पट्टा मार लागून येतो, जुनाट जखमेनं येतो, जंतूंनी येतो, स्कर्व्हीनं, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व कमी पडूनही येतो. एका हाडावरून निदान करणं म्हणजे पंचनामा न करता आरोपी धरणं. सगळा सांगाडा मांडायचा, कुठल्या हाडावर खूण आहे आणि कुठल्यावर नाही हे पाहायचं. नसलेली खूणही टिपून ठेवायची.

(दृश्य : कासचा सडा, जांभ्या दगडाचा कडा. मग माण तालुक्यातली उघडी रानं.)

पण त्याआधी माती. सातारा जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडा, एका दिवसात दोन वेगळे देश दिसतात. महाबळेश्वर, कास या बाजूला जांभा आणि धो धो पाऊस. ही माती आम्लधर्मी. तिच्यात हाड टिकत नाही, काही काळानं विरघळून जातं. माण-खटावकडे, पुढं आटपाडी-जतकडे उतरलं की काळी माती, चुनखडी, पाऊस जेमतेम. इथं हाड टिकण्याची आशा जास्त, पण त्यावर चुन्याचं पुट चढतं आणि ते नवशिक्याला आजारासारखं दिसतं. वाळवी पोखरते, उंदीर कुरतडतो, मुळ्या नक्षी काढतात. हे सगळं मेल्यानंतरचं.

ओळखायचं कसं? कडा बघायच्या. खोदताना कुदळ लागून मोडलेल्या हाडाची कड आतून पांढरी असते. पूर्वीच मोडलेली कड मातीच्या रंगाची झालेली असते. आणि माणूस जिवंत असताना मोडलेली, सांधू लागलेली कड गोलसर होते, नदीतल्या गोट्यासारखी.

मातीच्या आधी आणखी एक अडचण, आणि ती आपली आहे. आपण माणूस जाळतो. तिसऱ्या दिवशी सावडायला जातो, हाडं वेचतो, मडक्यात भरतो आणि कृष्णेत सोडतो. पिढ्यान् पिढ्यांचं दप्तर नदीत! पुरतात ती लहान मुलं, पुरतात लिंगायत, गोसावी, मुसलमान, ख्रिश्चन. त्यामुळे अमुक काळात सगळा समाज कसा जगला हे सांगायला सगळ्यांची हाडं हाताशी कधीच नसतात.

(दृश्य : घोड नदीचा काठ. जुन्या उत्खननाची कृष्णधवल छायाचित्रं.)

म्हणून मॅडम बोट दाखवतात ते शिरूर तालुक्यातल्या इनामगावकडे. घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून कित्येक हंगाम तिथं खोदकाम केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. घराच्या जमिनीखालीच मेलेली माणसं पुरलेली, दोनशेहून जास्त. तान्ह्या मुलांसाठी दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत मूल. मोठी माणसं उताणी, आणि बऱ्याच जणांचे पाय घोट्याच्या खाली तोडलेले. मेलेलं माणूस उठून परत येऊ नये म्हणून, असा एक तर्क आहे. एक माणूस मात्र चार पायांच्या, मातीच्या कच्च्या रांजणात बसवून पुरलेला आणि त्याची पावलं शाबूत. तो गावचा प्रमुख असावा असं उत्खनन करणाऱ्यांनी म्हटलं. माझा जीव अडकला तो दोन मडक्यांत. अंगणात नाही, गावाबाहेर नाही. आई जिथं निजते त्या जमिनीखाली.

त्या मुलांचे दुधाचे दात आज बोलतात. दातावरचं इनॅमल एकदा बनलं की पुन्हा बनत नाही. ते तयार होत असताना मुलाला ताप आला, उपास घडला, तर काम थांबतं आणि तिथं खाच किंवा खळगा राहतो, कायमचा. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन ल्यूकाच यांनी इनामगावच्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे असे खळगे तपासले. इ.स.पू. १००० नंतर वस्तीचे दिवस फिरले, शेती आटली, अशी मांडणी उत्खननावरून झालेली होती. त्या बदलाची खूण तान्ह्यांच्या सुळ्यांत सापडते का, हे त्यांनी शोधलं.

(दृश्य : मॅडमच्या हातात वरच्या जबड्याची प्लास्टरची प्रतिकृती.)

ही प्रतिकृती कुष्ठरोग झालेल्या माणसाच्या जबड्याची आहे. नाकाच्या खाली मधोमध एक बारीक काटा असतो, तो इथं झिजून गेलाय. नाकाचं भोक रुंद, कडा बोथट. पुढचे दात जिथं बसतात तो भाग खचलेला. याच रोगात बोटांची हाडं शिसाला टोक केल्यासारखी निमुळती होत जातात. मिरजेला ही खूण हाडावर पाहायची गरज नव्हती. कुष्ठरोग्यांसाठी वेगळं रुग्णालय असलेलं हे गाव. इथल्या जुन्या लोकांनी ती बोटं जिवंत हातावर पाहिलीत.

उदयपूरजवळच्या बालाथळ इथं एक सांगाडा मिळाला, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा, मध्यम वयाच्या पुरुषाचा. त्याच्या चेहऱ्याच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा होत्या. २००९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि हाडावर दिसणारा कुष्ठरोगाचा तोवरचा सर्वांत जुना पुरावा राजस्थानातला ठरला. दगडी तटाच्या आत, शेणाच्या गोवऱ्यांच्या राखेत त्याला पुरलं होतं.

(दृश्य : माळरान. वारा. एक पडकी झोपडी.)

आता ज्या गोष्टीनं माझी झोप उडवली, ती.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढं दक्षिणेकडे सरकला. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं सांगितलंय, की उंदीर पडायला लागले की गाव उठायचं आणि माळावर झोपड्या घालायचं. प्लेगचा माणूस काही दिवसांत जायचा. त्याचं हाड तपासलं तर? स्वच्छ. एक ओरखडा नाही. हाडाला भर घालायला आठवडे लागतात, तेवढी सवडच मिळत नाही. पटकी तसंच, देवीही बहुतेकदा तसंच. क्षयानं माणूस वर्षानुवर्षं खंगतो, तरी शंभर क्षयरोग्यांतल्या अगदी थोड्यांच्याच हाडापर्यंत तो पोचतो.

मग टेबलावर दोन सांगाडे ठेवा. एकाच्या नडगीवर पट्टे, डोळ्यांच्या खोबणीत बारीक भोकं, म्हणजे दुखण्याच्या खुणा. दुसरा निर्मळ. यातला धडधाकट कोण? आपण दुसऱ्याकडे बोट दाखवू. पण कदाचित दुसरा पहिल्याच तापात गेला, आणि पहिला तोच ताप अंगावर काढून इतकी वर्षं जगला, की हाडाला ते लिहून ठेवायला वेळ मिळाला. १९९२ साली अमेरिकेचे मानवशास्त्रज्ञ जेम्स वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पेच नेमका मांडला. तेव्हापासून हाडं मोजणारी माणसं जरा जपून बोलतात.

प्लेगचा माग शेवटी दातानंच दिला. लंडनमध्ये १३४८-५० च्या साथीत पुरलेल्या माणसांच्या दातांतून जंतूचा डीएनए काढून २०११ मध्ये तो पुरता वाचला गेला. हाडानं जे लिहिलं नव्हतं, ते दाताच्या आत वाळलेल्या रक्तानं ठेवलं होतं.

(दृश्य : सांगली मार्केट यार्ड. हळदीची पोती, पाठीवर पोतं घेतलेला हमाल.)

सांगलीच्या यार्डात हळदीच्या सौद्याला उभं राहिलं की वाटतं, या हमालाचा कणा तीन हजार वर्षांनी कुणी पाहिला तर त्याला काय कळेल? ओझ्यानं दोन मणक्यांमधली गादी दबते आणि मणक्यावर बोटाच्या टोकाएवढा खळगा पडतो. पण तसाच खळगा ओझं न उचललेल्या माणसातही सापडतो. उकिडवं बसायची सवय असेल तर घोट्याच्या सांध्यापाशी एक छोटी घासलेली जागा तयार होते. ती मिळाली तर हा माणूस उकिडवा बसायचा, एवढं म्हणता येतं. तो भाकरी थापत होता की विडी ओढत होता, ते नाही. आणि आमच्या तालमीतल्या पैलवानाचा मोडलेला कान? तो कूर्चेचा, म्हणजे मऊ, लवचिक भागाचा, हाडाचा नाही. मातीत सगळ्यांत आधी तोच जातो.

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो, मांडीचं सांधलेलं हाड म्हणजे त्या माणसाला कुणीतरी सांभाळलं, म्हणून तो माणुसकीचा पहिला पुरावा. छान वाटतं वाचायला. पण जंगलातल्या माकडांचीही मोडून सांधलेली हाडं सापडतात. हाड सांधलं एवढं हाड सांगतं. ते सरळ सांधलंय की वाकडं, हे बघून आपल्याकडच्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या कशा बांधल्या असत्या याचा विचार करता येतो. त्यापुढं आपली हौस.

(दृश्य : खिडकीजवळ धरलेली एक्स-रेची फिल्म. कडा पिवळसर.)

शेवटी मी पाकीट उघडलं.

माझी आजी वाळवा तालुक्यातली. शेवटची दहा वर्षं ती जमिनीकडे बघत चालली. पाठ अशी वाकलेली, की हाक मारली तर मान तिरपी करून बघायची. कुणीतरी म्हणालं, पाठीत क्षय आहे. कुणी, ते आता घरात कुणालाच आठवत नाही. त्यानंतर तिचं ताट-वाटी वेगळी झाली.

मॅडमनी फिल्म उजेडात धरली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पेन्सिलीचं मागचं टोक एकेका मणक्यावर ठेवत गेल्या.

“क्षय सहसा दोन मणक्यांमधली गादी खातो. शेजारचे दोन मणके एकमेकांत कोसळतात आणि पाठीला टोकदार कुबड येतं. इथं गाद्या आहेत. ही, ही, ही. मणके पुढून चेपलेत, एक नाही, चार. पाठ गोल वाकलीय, टोक नाही.” त्यांनी फिल्म खाली ठेवली. “हाडं विरळ झाली होती त्यांची. नुसत्या फिल्मवरून शंभर टक्के सांगत नाही मी. पण क्षय मी म्हणणार नाही.”

मी फिल्म पुन्हा पाकिटात घातली. खाली रस्त्यावर रिक्षावाला ‘स्टँड, स्टँड’ ओरडत होता.

(दृश्य : गावाकडचं स्वयंपाकघर. भिंतीतलं फडताळ.)

आजीला जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं ताट अजून वरच्या फळीवर आहे. वेगळं.