जोडी तुटते तेव्हा आठवण कोणाकडे राहते?

मंडळी, आजचा विषय आहे विज्ञानकथांवरच्या मालिकांतल्या जोड्या आणि त्यांच्यावरून पेटून उठणारे चाहते. या वादांकडे बहुतेक वेळा ‘हे दोघं एकत्र येणार की नाही’ एवढ्याच प्रश्नातून पाहिलं जातं. तो प्रश्न कुठल्याही मालिकेत असतो. विज्ञानकथेत त्याला आणखी एक प्रश्न येऊन चिकटतो, आणि माझ्या मते ठिणगी तिथेच पडते: घडून गेलेलं कोणाच्या लक्षात राहिलं? इथे माणसाचे दोन होतात, काळ मागे फिरतो, स्मृती पुसली जाते. पात्रं विसरतात. प्रेक्षक विसरत नाही.

‘फारस्केप’चं २००१ सालचं तिसरं पर्व घ्या. त्यात नायक जॉन क्रायटनचे दोन जॉन होतात. एक अस्सल, एक नक्कल असा मामला नाही. दोघेही सारखेच खरे. दगड-कागद-कात्री खेळायला बसले तर डाव सुटता सुटत नाही, इतके सारखे. एक जॉन त्याची साथीदार एरिन हिच्याबरोबर टॅलिन या जहाजावर जातो, दुसरा मोया या जहाजावर राहतो. टॅलिनवर दोघांचं प्रेम फुलतं आणि तो जॉन किरणोत्साराने मरतो. एरिन परतते तेव्हा समोर तोच माणूस उभा आहे, पण मधल्या काळातलं काहीही त्याच्या गाठीशी नाही. तिने त्याच्या गळ्यात पडायचं आणि कथा पुढे न्यायची, ही वाट सोपी होती. लेखकांनी ती घेतली नाही. एरिन त्याला टाळते, आणि तो दुरावा मालिका पुढे बराच काळ निस्तरत राहते. प्रेक्षकाला जे आठवतंय त्याची किंमत पडद्यावर कुणीतरी मोजतंय, हे इथे दिसतं.

‘डॉक्टर हू’मध्ये नेमकं उलटं झालं. ८ जुलै २००६च्या ‘डूम्सडे’ भागात काळप्रवासी डॉक्टरची सोबतीण रोझ समांतर विश्वात अडकते. डॉक्टर किनाऱ्यावर निव्वळ प्रतिमारूपाने येतो, ‘रोझ टायलर’ एवढं म्हणतो आणि वाक्य पुरं होण्याआधी नाहीसा होतो. दोन वर्षांनी ‘जर्नीज एंड’मध्ये त्याच किनाऱ्यावर तिला दुसरा डॉक्टर मिळतो: माणसासारखं एकच हृदय असलेला, तिच्याबरोबर म्हातारा होऊ शकणारा, आठवणी मात्र सगळ्या शाबूत. अर्धवट वाक्य तो तिच्या कानात पुरं करतो आणि मूळ डॉक्टर निघून जातो. चाहते इथे दुभंगले. एकीकडे ‘तिला हवं ते मिळालं’, दुसरीकडे ‘तिच्या हाती बदली माणूस दिला’. लक्षात घ्या, इथे आठवणींची तूट नाहीच. अडचण वेळेची आहे. ज्या प्रश्नाला ‘फारस्केप’ने भागांमागून भाग दिले, तो इथे काही मिनिटांत उरकला.

‘फ्रिंज’ने तर हाच वाद कथेत आणून बसवला. तिसऱ्या पर्वात दुसऱ्या विश्वातली ऑलिव्हिया या विश्वातल्या नायिका ऑलिव्हियाच्या जागी येते आणि तिचा सहकारी पीटर या नव्या ऑलिव्हियाच्या प्रेमात पडतो. खरी ऑलिव्हिया परतल्यावर तिला सलतं ते एवढंच की त्याला फरक कळला नाही. चौथ्या पर्वात नव्या काळरेषेतल्या ऑलिव्हियाच्या आठवणींवर जुन्या काळरेषेतल्या आठवणी चढत जातात. हे पुनर्मीलन, की एका बाईचं आख्खं आयुष्य पुसणं? मला दुसरी बाजू जड वाटते.

‘द एक्स-फाइल्स’चा दोष वेगळा. मल्डर आणि स्कली यांचं जुळावं म्हणणारे ‘शिपर’, नको म्हणणारे ‘नोरोमो’, अशा दोन फळ्या होत्या. १९९८च्या चित्रपटात चुंबन होणार इतक्यात मधमाशी चावते. २८ नोव्हेंबर १९९९च्या भागात ते एकदाचं होतं. पण नात्याचा महत्त्वाचा टप्पा पडद्याआडच राहतो. २०००च्या एप्रिलमधल्या एका भागात स्कली आरशासमोर कपडे घालताना दिसते, मल्डर झोपलेला आहे, बास. पात्रांना सगळं माहीत, प्रेक्षकाला काहीच नाही. मग वर्षानुवर्षं पुराव्यांचा कीस पडला तर नवल काय?

अशा प्रतिक्रिया मोजायच्या कशा, हेही सांगतो. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हा चाहत्यांच्या कथांचा साठा २००९पासून सर्वांसाठी खुला आहे. तिथे कथेवर जोडीची खूण (टॅग) असते: दोन नावांमध्ये तिरपी रेघ असेल तर प्रणय किंवा शरीरसंबंध, ‘&’ असेल तर मैत्री किंवा घरचं नातं. दोन्ही एकत्र मोजले की निष्कर्ष तिथेच बिघडतो. आधी भागाच्या प्रसारणाची तारीख धरा. तिच्या मागचा-पुढचा सारखाच काळ निवडा आणि मुख्य जोडी तीच असलेल्या कथा वेगळ्या काढा, कारण पार्श्वभूमीला येऊन जाणाऱ्या जोडीचीही खूण कथेवर असते. मग ‘फिक्स-इट’ खुणेच्या, म्हणजे मूळ कथेत खटकलेलं दुरुस्त करणाऱ्या कथा वाचा आणि प्रत्येक कथा मूळ कथानकापासून कोणत्या प्रसंगी फुटते ते टिपा. बहुतेक कथा मृत्यूच्या आधीच्या एखाद्या दृश्यापाशी फुटत असतील तर राग मृत्यूपेक्षा त्या दृश्यावर आहे. कथांचा आकडा म्हणजे प्रेक्षकसंख्या नव्हे. मोजके लोक ढीगभर लिहितात.

‘द हंड्रेड’ला ही कसोटी लावून पाहा. ३ मार्च २०१६च्या भागात क्लार्क आणि लेक्सा या दोघी पहिल्यांदा एकत्र येतात, आणि लगेच पुढे क्लार्कवर झाडलेली गोळी लेक्साला लागते. लेक्साची अभिनेत्री दुसऱ्या मालिकेत बांधलेली होती, हे कारण खरंच होतं. पण पात्र जाणं वेगळं आणि ते असं जाणं वेगळं. २००२ साली ‘बफी’मध्ये टारा अशीच, प्रेयसीशी समेट झाल्यावर, भलत्याला मारलेल्या गोळीने गेली होती. चौदा वर्षं प्रेक्षकाच्या डोक्यात ते बसलेलं. लेखकांनी ते जमेस धरलं नाही. चाहत्यांनी समलिंगी आणि इतर एलजीबीटीक्यू तरुणांच्या आत्महत्या रोखू पाहणाऱ्या ट्रेव्हर प्रोजेक्ट या संस्थेसाठी निधी उभा केला, आणि २४ मार्चला निर्माता जेसन रोथेनबर्गने जाहीर पत्र लिहून माफी मागितली. तीन आठवडे हा फार मोठा काळ असतो.

‘स्टार ट्रेक: डिस्कव्हरी’ने जानेवारी २०१८मध्ये डॉ. कल्बरला मारलं तेव्हा हा धडा समोर होता. त्याच रात्री भागानंतरच्या गप्पांच्या कार्यक्रमात कल्बर आणि त्याचा जोडीदार स्टॅमेट्स यांची कथा संपलेली नाही असं सांगितलं गेलं. असा दिलासा देताना कथानकाचं गुपित थोडं फुटतं, आणि तक्रार करणाऱ्यांनी तीही केली. दुसऱ्या पर्वात कल्बर परततो तो नव्या शरीरात. आठवणी सगळ्या आहेत, पण त्या आपल्या वाटत नाहीत. स्टॅमेट्सला वाटतं सगळं पूर्ववत झालं; कल्बर घर सोडतो, आणि दोघांना पुन्हा जवळ यायला जवळपास पर्व संपावं लागतं.