नैरोबीला जाताय? स्वेटर घ्या, आणि सकाळी 6 ला निघा

श्रोतेहो, नमस्कार.

आफ्रिका म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते ऊन. त्यामुळे नैरोबीला जाणारी मंडळी सुती कपड्यांनी बॅग भरतात आणि जुलैतल्या पहिल्या सकाळी कुडकुडत हॉटेलच्या दारात उभी राहतात. केनियाची ही राजधानी विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंश दक्षिणेला आहे, पण समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे 1,700 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही थोडं वर वसलेलं हे शहर! तिथल्या मसाई जमातीच्या भाषेतल्या ज्या शब्दांवरून त्याचं नाव पडलं, त्यांचा अर्थच मुळी ‘थंड पाणी’. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं असतं आणि पहाटे पारा 11-12 अंशांवर येतो. तेव्हा स्वेटर घ्या. दुपारी ऊन पडलं की ते मात्र चांगलंच चटकतं, म्हणून टोपीही हवी.

तयारीतल्या दोन गोष्टी आधीच सांगतो, कारण त्या चुकल्या तर बाकीचं सगळं फुकट. पहिली, पिवळ्या तापाची लस. केनियातून परतणाऱ्या प्रवाशाकडे भारतात या लशीचा दाखला मागतात, आणि तो नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. ती रोज मिळतेच असं नाही, शिवाय दाखला ग्राह्य धरला जातो तो 10 दिवसांनंतर. म्हणून तिकीट काढलं की लगेच लशीचं बघा. दाखल्यावरचा पासपोर्ट नंबर तिथेच उभं राहून पडताळून घ्या. एक आकडा चुकला तर वाद विमानतळावर घालावा लागतो. साठी ओलांडलेल्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. दुसरी गोष्ट प्रवास परवान्याची. जानेवारी 2024 पासून केनियाने व्हिसा बंद करून ऑनलाइन परवाना सुरू केला. तो सरकारच्याच संकेतस्थळावरून काढा, निघण्याच्या आदल्या रात्री नको.

आता नैरोबीचं खरं गणित सांगतो. तिथे दिवस वाया जातो तो वाहतुकीच्या कोंडीत. नकाशावर 9 किलोमीटर दिसणारं अंतर संध्याकाळी 5 वाजता दीड तास खातं, आणि पाऊस आला तर विचारूच नका. म्हणून एका दिवशी शहराची एकच बाजू धरायची. सकाळी उत्तरेला, दुपारी दक्षिणेला असा कार्यक्रम आखून देणाऱ्या माणसाने नैरोबी कागदावरच पाहिलेली असते.

सुरुवात नैर्ऋत्येच्या बाजूने करा. नैरोबी राष्ट्रीय उद्यान 1946 साली स्थापन झालेलं, केनियातलं पहिलं. सुमारे 117 चौरस किलोमीटर, आणि फाटक शहराच्या मध्यापासून फक्त 7 किलोमीटरवर. मुंबईकरांना याचं फार अप्रूप वाटायचं नाही, बोरिवलीला आपलंही उद्यान आहेच. पण इथे उघडं गवताळ रान आहे. झेब्र्यांचा कळप चरतोय आणि त्याच्या मागे काचेच्या इमारती उभ्या आहेत, असा देखावा आपल्याकडे नाही. तीन बाजूंना कुंपण आहे, दक्षिणेची बाजू मोकळी, जनावरांना मैदानात जाता-येता यावं म्हणून. सिंह, बिबळे, रानम्हशी, जिराफ, काळे गेंडे, 400 हून अधिक जातींचे पक्षी. हत्ती मात्र नाहीत, त्यांच्यासाठी हे रान लहान आहे. उद्यानावरून सुमारे 6 किलोमीटर लांबीचा रेल्वेचा उंच पूल गेलाय. त्यावरून बरेच वाद झाले, आणि आता त्याच्या खांबांखालून जिराफ चालत जातात.

फाटक सकाळी 6 ला उघडतं. तुम्ही पावणेसहाला तिथे असायला हवं. सिंह दिसायचा असेल तर तो पहिल्या दोन तासांत. 9 नंतर तो गवतात आडवा होतो आणि मग दोन कानांच्या टोकांवर समाधान मानावं लागतं. तिकीट आदल्या रात्रीच ऑनलाइन काढून ठेवा. फाटकावर रोख रक्कम घेत नाहीत, आणि कार्ड चाललं नाही म्हणून पहाटेचा पाऊण तास बाहेर घालवणारे रोज दिसतात. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आत न्यायला 2020 पासून बंदी आहे, तेव्हा स्टीलची बाटली बरोबर ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तर सगळ्या देशात 2017 पासून बंदी आहे. बॅग भरताना कपडे, चपला अशा पिशव्यांत गुंडाळू नका.

आणि गाडीबद्दल एक गोष्ट, जी आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या श्रोत्यांना लगेच पटेल. उद्यानातली बरीचशी जमीन काळ्या मातीची आहे, आपल्या कपाशीच्या रानासारखी. कोरडी असताना भेगाळते, ओली झाली की चाकाला लगदा धरते. मार्च ते मे मोठा पाऊस आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून डिसेंबरपर्यंत छोटा पाऊस. या दिवसांत साधी मोटार आत नेली तर ती रुतणार. आणि रुतल्यावर खाली उतरून धक्का मारता येत नाही, कारण आजूबाजूला सिंह आहेत. या महिन्यांत उंच, चारही चाकांना जोर असलेली गाडीच भाड्याने घ्या.

पावणेदहाला उद्यानातून बाहेर पडा. आता जायचंय अनाथ हत्तींच्या संगोपन केंद्रात. शेल्ड्रिक ट्रस्टचं हे केंद्र उद्यानाच्या हद्दीतच आहे, पण त्याची वाट मागाडी रस्त्याकडच्या वेगळ्या फाटकातून जाते. मुख्य फाटकातून बाहेर येऊन वळसा घालावा लागतो, आणि इथेच अनेकांचं वेळापत्रक चुकतं. लोकांना भेट दिवसातून एकच तास, 11 ते 12. 25 डिसेंबरला बंद. आधी बुकिंग केल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि जुलै-ऑगस्ट, डिसेंबरच्या जागा फार आधी संपतात.

बरोबर 11 वाजता झाडीतून छोटी पिल्लं धावत येतात. कान फडफडवत, एकमेकांना ढकलत, थेट दुधाच्या बाटल्यांकडे. हिरव्या डगल्यातला माणूस बाटली धरतो, आणि काही पिल्लं तीच बाटली सोंडेने स्वतः धरून घटाघटा रिकामी करतात. मग तांबड्या चिखलात लोळण. दोरीजवळ उभ्या असलेल्यांच्या कपड्यांवर शिंतोडे उडतात, तेव्हा पांढरे कपडे नकोत. हत्तीच्या पिल्लाला गाईचं दूध पचत नाही. त्यातली चरबी त्याला सोसत नाही. पिल्लं जगवणारं दूध शोधायला ट्रस्टच्या संस्थापिका डॅफ्नी शेल्ड्रिक यांना कित्येक वर्षं लागली, आणि जमलं ते नारळाच्या तेलामुळे. दर 3 तासांनी दूध, रात्रीसुद्धा. लहान पिल्लं एकटी झोपत नाहीत, म्हणून माणूस त्यांच्या गोठ्यात झोपतो. आणि रोज वेगळा माणूस, नाहीतर पिल्लू एकालाच लळा लावून बसतं आणि तो रजेवर गेला की खाणं सोडतं. साधारण 3 वर्षांची झाली की त्यांना त्सावोच्या जंगलाकडे पाठवतात.

तिथून जिराफ केंद्र जवळच आहे, लांगाटा भागातच. हे जिराफ रॉथ्सचाइल्ड जातीचे, गुडघ्याखाली पाय पांढरे, जणू मोजे घातलेत. उंच लाकडी माचावर चढलात की जिराफाचं तोंड तुमच्या तोंडासमोर येतं. हातात भुशाच्या गोळ्या देतात. एका वेळी एकच गोळी द्या, तळहातावर. आणि समोर उभे राहा. मानेच्या बाजूला उभं राहून फोटो काढायला गेलात तर जिराफ डोक्याने टोला मारतो. त्याला त्यात राग-लोभ काही नसतो, पण चष्मा फुटतो.

दुसरा दिवस उत्तरेचा. कारुरा जंगल, 1,000 हेक्टरांहून मोठं, शहराच्या पोटात. 1998 मध्ये यातले भूखंड बिल्डरांना वाटून टाकायचा घाट घातला गेला. पर्यावरणासाठी लढणाऱ्या वांगारी माथाई आणि त्यांचे साथीदार तिथे रोपं लावायला गेले; जानेवारी 1999 मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, माथाईंचं डोकं फुटलं. जंगल वाचलं. 2004 मध्ये माथाईंना शांततेचं नोबेल मिळालं. आज तिथे फाटकावर सायकल भाड्याने मिळते, आत धबधबा आहे, इंग्रजांविरुद्धच्या माउ माउ लढ्यातल्या लोकांनी आसरा घेतलेल्या गुहा आहेत. पायवाटांवर खुणेसाठी आकडे लावलेले आहेत, नकाशाचा फोटो फाटकावरच काढून ठेवा. इथेही रोख चालत नाही.

दुपारी राष्ट्रीय संग्रहालय. वेळ कमी असेल तर बाकी सोडा आणि थेट तुर्काना मुलाच्या सांगाड्याकडे जा. कामोया किमेऊ यांना तो 1984 मध्ये तुर्काना सरोवराजवळ सापडला. सुमारे 16 लाख वर्षांपूर्वीचा हा मुलगा. खोली अंधारी आहे, सांगाडा काचेत उभा आहे, आणि तो बऱ्यापैकी आपल्यासारखाच दिसतो.

तिसरा दिवस शहराच्या मध्यभागासाठी ठेवा. आणि इथे आपला, म्हणजे हिंदुस्थानी माणसांचा संबंध येतो. नैरोबी हे गाव रेल्वेने वसवलेलं. मोंबासा बंदराहून 1896 मध्ये निघालेला मार्ग 1899 मध्ये या दलदलीपाशी पोचला आणि इथे तळ पडला. तो घालायला त्या वेळच्या हिंदुस्थानातून 30,000 हून अधिक मजूर नेले होते. त्यातले सुमारे 2,500 तिथेच दगावले. रूळसुद्धा आपल्याकडच्या मीटरगेजचेच. रेल्वे संग्रहालयात तो डबा आजही उभा आहे, ज्यात 1900 मध्ये सिंहाने शिरून रायल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला खिडकीतून ओढून नेलं. रायल त्या सिंहाला मारण्यासाठीच दबा धरून बसला होता, आणि पहाऱ्यावर असताना त्याला झोप लागली.

बाजारात कान उघडे ठेवा. तिथल्या स्वाहिली भाषेत आपले शब्द ऐकू येतात: दुकान म्हणजे दुका, गाडी म्हणजे गारी, विमा म्हणजे बिमा, हिशेब म्हणजे हेसाबू, लाख म्हणजे लाकी. आणि पैसा म्हणजे पेसा. 2007 मध्ये सुरू झालेलं एम-पेसा हे मोबाइलवरून पैसे देणं तिथे भाजीवालीपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांकडे चालतं. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्या, ते एम-पेसासाठी नोंदवून घ्या, कुठल्याही हिरव्या रंगाच्या टपरीवर रोख देऊन खात्यात भरा. पैसे पाठवताना नंबर दोनदा वाचा.

वेळेचा घोळ मात्र नक्की होतो. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे 7 म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. 9 म्हणजे ‘सा तातू’, तिसरा. फरक 6 तासांचा, म्हणजे घड्याळात बरोबर समोरचा आकडा. इंग्रजीत बोलणारे 9 ला 9 च म्हणतात, पण स्वाहिलीत वेळ ठरवली असेल तर पुन्हा एकदा विचारून घ्या.

मसाई बाजार वारानुसार जागा बदलतो, आपल्या आठवडी बाजारासारखा. शुक्रवारी तो व्हिलेज मार्केट या मॉलमध्ये असतो. बाकीच्या वारांचं हॉटेलात विचारा. आत शिरलात की एक हसतमुख माणूस टोपली घेऊन मागे लागतो. ‘आवडेल ते टोपलीत टाका, भाव शेवटी’ म्हणतो. तो दलाल. दहा दुकानांतल्या वस्तू जमतात आणि शेवटी कागदावर एकच भला मोठा आकडा येतो, ज्यात त्याचा वाटा आत दडलेला असतो. टोपलीला नम्रपणे नाही म्हणा आणि प्रत्येक दुकानात स्वतः घासाघीस करा. सांगितल्याच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरू करायला हरकत नाही. ‘पुंगुझा’ म्हणजे ‘कमी करा’. काळं आबनूस म्हणून दिलेलं लाकूड ओल्या रुमालाने चोळून बघा. रुमाल काळा झाला तर ते बुटाचं पॉलिश. घायपाताच्या विणलेल्या किओंडो पिशव्या आणि किसीच्या मऊ दगडाच्या वाट्या घ्याव्यात. कांगा हे छापील कापड जोडीनेच विकतात आणि प्रत्येकावर स्वाहिलीत एक वाक्य छापलेलं असतं. ते वाचून घेतल्याशिवाय सासूबाईंसाठी आणू नका, काही वाक्यं चांगलीच टोचणारी असतात.

खाण्याचं म्हणाल तर न्यामा चोमा, निखाऱ्यावर भाजलेलं बोकड. किलोवर मागवतात. पाऊण ते एक तास लागतो, म्हणून आधी मागणी द्या, मग गप्पा. लाकडी पाटावर तुकडे करून येतं, बाजूला मीठ, मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि ‘काचुंबारी’, म्हणजे आपलं कचुंबरच. सुकुमा विकी ही पालेभाजी. नावाचा अर्थ ‘आठवडा ढकल’, पगारापर्यंत पुरणारी. शाकाहारी लोकांनी काळजी करू नये. पार्कलँड्स भागात गुजराती जेवण मिळतं, आणि बेसनात घोळवलेल्या बटाट्याच्या पातळ कापांची मारू भजी तर या शहराचीच. रस्त्यावर कोळशावर भाजलेलं कणीस, तिखट-मीठ आणि लिंबू चोळून. ते हातात घेतलं की पाऊस कुठला, मरीन ड्राइव्हचा की नैरोबीचा, हे सांगता येत नाही.

मटाटूत बसा, पण दिवसा आणि गर्दीची वेळ टाळून. रंगवलेल्या, दणदणीत गाणी वाजवणाऱ्या या बसगाड्या. चढण्याआधी भाडं विचारा. पावसाचे थेंब पडले की ते वाढतं. सुटे पैसे ठेवा, खिडकीशी बसलात तर हातातला मोबाइल खाली. अंधार पडल्यावर मध्यवर्ती भागात पायी फिरू नका, टॅक्सी बोलवा. आणि परतीच्या दिवशी विमानाच्या वेळेच्या 4 तास आधी हॉटेल सोडा. लशीचा दाखला हातातल्या बॅगेत असू द्या, सामानाच्या बॅगेत नको.

नमस्कार.