बेल्ट सँडर : बेल्ट फाटतो, सरकतो, थांबतो तेव्हा

[दृश्य : टेबलावर उताणं ठेवलेलं मशीन, बेल्ट चढवलेला]

लाकूड घासणाऱ्या बेल्ट सँडरवर नवा सँडिंग बेल्ट, म्हणजे सँडपेपरचा गोल पट्टा, चढवला, फळीवर चार हात फिरवले आणि बेल्ट जोडावर फाटला. दुसरा चढवला, तोही तसाच गेला. अशा वेळी बेल्टच हलका निघाला म्हणून नावं ठेवली जातात. पण बेल्टला मागचा रबरी रोलर ओढतो, पुढचा रोलर ताणून धरतो, आणि या दोघांच्या मधल्या सपाट पट्टीवरून तो मिनिटाला ३०० ते ४०० मीटर वेगानं घासत जातो. या तिघांपैकी एकाची जरी झीज झाली, तरी मरतो तो बेल्टच.

मशीन उघडण्याआधी प्लग काढा. नुसता भुसा झटकायचा असला तरी काढा. काम आटोपल्यावर प्लग परत लावण्याआधी ट्रिगर एकदा दाबून सोडा. सलग घासकामासाठी ट्रिगर दाबलेला धरून ठेवणारं लॉकचं बटण या मशीनला असतं. ते चुकून अडकून राहिलं, तर प्लग लावताक्षणी मशीन टेबलावरून पुढे धावत सुटतं. ट्रिगर दाबून सोडला की लॉक निघतं.

[दृश्य : लिव्हर ओढून बेल्ट उतरवला जातो, तळ जवळून]

बाजूची लिव्हर ओढली की पुढचा रोलर मागे सरकतो, ताण जातो आणि बेल्ट सहज बाजूनं निघतो. आता उघडी पडलेली सपाट पट्टी म्हणजे प्लेटन. बेल्ट रोज बदलला जातो, पण बेल्टच्या खाली काय चाललंय हे क्वचितच कुणी बघतं. आमच्या मते या मशीनचा सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच.

बऱ्याच मशीनमध्ये इथे कॉर्कचा थर, पातळ स्टीलची पट्टी आणि वर ग्राफाइट लावलेलं कापड अशी रचना असते. काही मॉडेलमध्ये यातला एखादा थर नसतो. ग्राफाइटचं काम एकच, घर्षण कमी करणं. ते झिजलं की आधी कापडाची वीण दिसू लागते, मग कापडाला भोक पडतं, आणि बेल्टची पाठ सरळ लोखंडावर घासू लागते. पट्टी तापते. बेल्टचा जोड चिकटवलेला असतो. उष्णतेनं तो चिकटा मऊ पडतो आणि बेल्ट नेमका तिथेच सुटतो. फाटलेल्या बेल्टची आतली बाजू काळपट, चकाकणारी दिसली, तर नवा बेल्ट चढवू नका. आधी प्लेटन बघा.

स्टीलची मोजपट्टी तिच्या कडेवर उभी धरून प्लेटनवर आडवी टेकवा आणि मागून उजेड येतो का ते पाहा. मधोमध फट दिसली तर पट्टी खोलगट झाली आहे. बोट फिरवून खाच लागते का, तेही तपासा. अशा प्लेटनवर कितीही चांगला बेल्ट लावला, तरी लाकडावर पट्टे उमटणारच. बदलण्याचं काम सोपं आहे. दोन-चार स्क्रू काढायचे, खाली साचलेला भुसा खरवडून जागा साफ करायची, नवे थर आधी होते त्याच क्रमानं बसवायचे. स्क्रूची डोकी पृष्ठभागाच्या खाली बसली पाहिजेत. केसभर वर राहिलेलं डोकंही बेल्ट चिरतं. तयार भाग मिळाला नाही, तर ग्राफाइटचं कापड रोलमध्ये मिळतं, ते मापानं कापून घेता येतं.

[दृश्य : बेल्टची आतली बाजू, बाण]

बेल्टच्या आतल्या बाजूला बाण असेल, तर तो मशीनवरच्या बाणाच्या दिशेलाच हवा. जोड एकावर एक चढवून केलेला असला, की उलट्या दिशेनं फिरताना त्याची कड लाकडाला अडते आणि उचकटते. बाण नसलेले बेल्ट दोन्ही दिशांनी चालतात.

बेल्ट बाजूला सरकतो ही नेहमीची तक्रार. मशीन उताणं घट्ट धरा, ट्रिगर क्षणभर दाबून सोडा आणि बेल्ट कुठे जातो ते बघा. ट्रॅकिंगचा, म्हणजे बेल्ट आत-बाहेर सरकवणारा, नॉब पाव-पाव फेरा फिरवत राहा. बेल्टची बाहेरची कड रोलरच्या कडेशी बरोबर आली आणि आतली कड बॉडीला घासत नसली, की झालं. बेल्ट आत सरकून बॉडीला लागला तर अॅल्युमिनियमसुद्धा कापतो.

नॉब शेवटपर्यंत फिरवूनही बेल्ट ऐकत नसेल, तर दोष बेल्टचा की मशीनचा हे आधी ठरवा. बाण नसलेला बेल्ट काढून उलट दिशेनं चढवा. आता तो दुसऱ्या बाजूला पळाला तर बेल्टचीच एक कड लांब आहे. तो टाकून द्या. त्याच बाजूला पळाला तर दोष मशीनमध्ये आहे. मशीनचा दोष असेल, तर बहुधा रोलरवर राळ आणि भुशाचा पापुद्रा चढलेला असतो. तो एका बाजूला जास्त जमला की तिथला व्यास वाढतो. लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पातीनं तो खरवडून काढा. मशीन कधी खाली पडलं असेल, तर पुढच्या रोलरचा कणा वाकला आहे का बघा. रोलरला मधोमध किंचित फुगवटा दिलेला असतो, त्यामुळे बेल्ट मध्यावर राहतो. तो झिजून सपाट झाला असेल, तर रोलर बदलण्याला पर्याय नाही.

काम चालू असताना बेल्ट थांबतो आणि आत मोटर फिरतच राहते, तेव्हा दोन शक्यता असतात. मागच्या रोलरचं रबर गुळगुळीत होऊन बेल्ट घसरत असेल, किंवा मोटरची ताकद मागच्या रोलरपर्यंत पोचवणारा आतला दातेरी टायमिंग बेल्ट गेला असेल. प्लग काढून मागचा रोलर हातानं फिरवा. मोटरचं ओझं हाताला जाणवलं तर आतला बेल्ट शाबूत आहे. रोलर मोकळाच गरगरला तर तो तुटलाय. रोलर हलतच नसेल तर बेअरिंग जाम झालंय किंवा एखादी ढलपी अडकली आहे.

रबर गुळगुळीत झालं असेल तर ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या आणि ८० नंबरच्या पेपरनं हलकेच खडबडीत करा. थिनर लावू नका, रबर फुगतं. तेलाचा थेंबही तिथे नको.

[दृश्य : बाजूचं कव्हर उघडलेलं, आत काळी पूड]

टायमिंग बेल्ट बाजूच्या कव्हरखाली असतो. कव्हर काढल्यावर रबराची काळी पूड दिसली तर निदान पक्कं. पुलीच्या दातांमध्ये अडकलेले तुकडे ब्रशनं पूर्ण काढा. बेल्टवर छापलेला नंबर जुळवूनच नवा घ्या. आधी तो छोट्या पुलीवर पूर्ण बसवा, मग मोठ्या पुलीच्या दोन-तीन दातांवर चढवा आणि पुली हातानं हळूहळू फिरवत राहा, तो आपोआप चढतो. स्क्रू ड्रायव्हरनं ढकलून चढवलेल्या बेल्टच्या आतले तंतू तुटतात आणि तो लवकरच पुन्हा जातो.

तो मुळात का तुटला, हेही शोधायला हवं. मशीन लाकडावर टेकवून ट्रिगर दाबला, की सगळा झटका याच्या दातांवर येतो. आधी मशीन चालू करायचं, पूर्ण वेग येऊ द्यायचा आणि मग फळीवर उतरवायचं. वरून जोर द्यायचा नाही, मशीनचं स्वतःचं वजन पुरतं. पुढच्या रोलरचं बेअरिंग आवळलेलं असेल, तरी हाच बेल्ट बळी जातो. सील असलेल्या बेअरिंगच्या बाजूला नंबर असतो. उदाहरणार्थ ६०८ म्हणजे आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२ आणि जाडी ७. किंचाळणारं सीलबंद बेअरिंग तेल घालून वाचत नाही, ते बदला.

मोटर बंद-चालू होत असेल, ताकद गेली असेल, तर कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन छोटे ठोकळे, बघा. दोन्ही बाजूंच्या टोप्या काढून कार्बन बाहेर घ्या. झिजेची रेघ गाठली असेल किंवा लांबी ५-६ मिलिमीटरवर आली असेल, तर जोडी बदला, एकटा नको. खाचेत ते सहज सरकले पाहिजेत. भुसा अडकला की स्प्रिंग त्यांना पुढे ढकलू शकत नाही. नव्या कार्बनवर मशीन काही मिनिटं मोकळं चालवा, म्हणजे त्यांचं तोंड कम्युटेटरच्या, म्हणजे ते ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागाच्या, गोलाईला बसतं. कार्बनपाशी लहान निळसर ठिणगी दिसणं साहजिक आहे. कम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरताना दिसलं तर थांबा, आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, जळत आलं असण्याची दाट शक्यता आहे. कम्युटेटर सारखा तपकिरी असेल तर तो तसाच ठेवा, चकचकीत करू नका.

मशीन अजिबात चालू होत नसेल, तर वायर हँडलमध्ये शिरते तिथे ती वाकवून बघा. आतली तार तुटते ती बहुधा तिथेच.

भुशाची पिशवी अर्धी भरण्याआधी रिकामी करा. पिशवी भरली की पंख्याची वाट तुंबते आणि भुसा बेल्टखाली शिरतो. एक गोष्ट अजिबात करू नका : लाकडाचा भुसा पिशवीत असताना लोखंड घासणं. एक ठिणगी पुरते, आणि भुसा आत धुमसत राहतो. जुनं वॉर्निश किंवा तेल घासून निघालेला भुसाही पिशवीत रात्रभर ठेवू नका, तो स्वतःहून तापून पेटू शकतो. काम संपताच पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, घराबाहेर.

राळेनं भरलेला बेल्ट लगेच फेकायची गरज नसते. चालत्या बेल्टवर क्रेप रबराची कांडी टेकवली, की भुसा आणि राळ तिला चिकटून निघते. वितळून बसलेला रंग मात्र असा निघत नाही.

उरलेले बेल्ट खिळ्याला टांगू नका. एकाच जागी घडी पडते आणि तिथूनच ते तडकतात. जाड पाइपवर टांगा किंवा उभ्या कडेवर ठेवा, ओल्या भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर. मशीन ठेवताना लिव्हर ढिली करा, नाहीतर ताणाखाली रबरी रोलर एका बाजूनं चेपतो आणि पुढच्या वेळी मशीन थरथरू लागतं.