सिझरनंतरची दुसरी खेप

(दृश्य: पडवीत पसरलेले कागद)

देवगड तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका वाडीत, जांभ्या दगडाच्या घराच्या पडवीत हे कागद मांडून ठेवले आहेत. सोनोग्राफीचे अहवाल आहेत, औषधांच्या पावत्या आहेत, पहिल्या मुलीच्या लसीकरणाच्या नोंदी आहेत आणि मुंबईतील एका खासगी रुग्णालयाचे चार वर्षांपूर्वीचे डिस्चार्ज कार्डही आहे. या घरची लेक दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे आणि तिला सातवा महिना चालू आहे. पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले. दुसरे नैसर्गिक मार्गाने व्हावे, अशी तिची इच्छा आहे. तिची आई मात्र गावच्या आरोग्य कार्यकर्तीला, म्हणजे आशाताईंना, ठामपणे सांगते, ‘पयल्या वक्ताक सिझर झाला, म्हणजे आता पण सिझरच होतला.’

आईचे हे मत तिचे एकटीचे नाही. कोकणातल्या वाड्यावाड्यांत ते ऐकू येते आणि अनेक दवाखान्यांतही ते नियमासारखे सांगितले जाते.

आशाताईंच्या हातातील कार्डावर शस्त्रक्रियेच्या रकान्यात फक्त एलएससीएस (गर्भाशयाच्या खालच्या भागावरचे सिझेरियन) एवढीच अक्षरे आहेत. शस्त्रक्रिया कशामुळे करावी लागली, गर्भाशयावरचा छेद आडवा घेतला की उभा, तो घेताना काही गुंतागुंत झाली का, यांपैकी कशाचीही नोंद तिथे नाही. बाळ पायाळू होते म्हणून सिझर करावे लागले, हे तिच्या आईला आठवते. ही आठवण मोलाची आहे, कारण पायाळूपण हे दर खेपेला पुन्हा येणारे कारण नव्हे, आणि या वेळी बाळाचे डोके खाली असेल तर नैसर्गिक प्रसूतीची शक्यता चांगली असते. परंतु आठवणीच्या भरवशावर कोणताही डॉक्टर कळांची वाट पाहण्याचा निर्णय घेणार नाही, आणि त्याने तो घेऊही नये.

(दृश्य: डॉक्टर कागदावर गर्भाशयाची आकृती काढत आहेत)

सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञ या आकृतीतून जे समजावून सांगत आहेत, ते प्रत्येक सिझर झालेल्या स्त्रीला घरी जाण्यापूर्वीच सांगितले गेले पाहिजे. पोटावरचा बाहेरून दिसणारा व्रण आणि आत गर्भाशयावर असलेला व्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरचा छेद आडवा दिसला म्हणून आतला आडवाच असेल असे नाही, आणि पुढच्या खेपेचा सगळा विचार आतल्या व्रणावर अवलंबून असतो. गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा छेद घेतलेला असेल, तर पुढच्या कळांच्या ताणाने तो व्रण उसवण्याचा धोका इतका जास्त असतो की तिथे पुन्हा शस्त्रक्रियाच केली जाते. खालच्या, पातळ भागावरचा आडवा छेद मात्र चांगला भरून येतो आणि कळांचा ताणही बराच सोसतो.

‘एकदा सिझर, की कायम सिझर’ हा नियम ज्या काळात रूढ झाला, त्या काळात उभा छेदच प्रचलित होता. न्यूयॉर्कमधील प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रॅगिन यांनी १९१६ साली हे वाक्य लिहिले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः पहिल्या शस्त्रक्रियेकडे होता. ती विनाकारण करू नका, कारण तिचे ओझे पुढच्या प्रत्येक बाळंतपणावर राहील, असे ते आपल्या व्यवसायबंधूंना सांगत होते. त्यानंतर ग्लासगोचे मन्रो कर यांच्या प्रयत्नांतून १९२०च्या दशकात खालच्या भागावरचा आडवा छेद पुढे आला आणि हळूहळू तोच जगभर सर्वमान्य झाला. शस्त्रक्रिया बदलली, परंतु जुने वाक्य तसेच राहिले, आणि शंभर वर्षांनंतरही ते देवगडच्या एका पडवीत उच्चारले जाते.

पूर्वी एकच सिझर, तेही आडव्या छेदाचे, झालेल्या आणि इतर काही अडचण नसलेल्या स्त्रियांनी नैसर्गिक प्रसूतीची वाट धरली, तर त्यांच्यापैकी साधारण ७२ ते ७५ टक्के जणींची प्रसूती त्याच मार्गाने होते, असे ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची मार्गदर्शिका सांगते. त्याआधी एखादे बाळंतपण नैसर्गिक झालेले असेल, तर हे प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. कळा सुरू असताना व्रण उसवण्याचा धोका साधारण दोनशे जणींत एकीला असतो. हा आकडा लहान आहे. परंतु ज्या एकीच्या बाबतीत तसे घडते, तिचा आणि तिच्या बाळाचा जीव काही मिनिटांवर येऊन ठेपतो, आणि हे तिला आधीच, स्पष्ट शब्दांत माहीत असले पाहिजे. दुसऱ्या बाजूची माहितीही तितक्याच स्पष्टपणे दिली पाहिजे. प्रत्येक नव्या सिझरबरोबर वार (प्लासेंटा) जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेल्या स्त्रियांपैकी ज्यांचे पूर्वी एक सिझर झाले होते त्यांच्यात हे प्रमाण ११ टक्के, तर दोन झालेल्यांत ४० टक्के आढळले होते. अशा वेळी होणारा रक्तस्राव कधीकधी गर्भाशय काढल्याशिवाय थांबत नाही. तिसरे मूल हवे असणाऱ्या स्त्रीसाठी ही माहिती दुसऱ्या खेपेतच महत्त्वाची ठरते.

(दृश्य: मुंबईतील रुग्णालयाचा जिना, मोबाइलवरील चित्रण)

हे चित्रण तिच्या पतीने स्वतः केले आहे. तो मुंबईत नोकरी करतो आणि पहिल्या शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मिळवण्यासाठी तो त्याच रुग्णालयात गेला आहे. पहिल्या खिडकीवर त्याला ‘जुनी फाईल आहे, सापडणार नाही’ असे उत्तर मिळाले. त्याने लेखी अर्ज दिला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि नोंदी तीन वर्षे जपून ठेवण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आहे. येथे तीन वर्षे उलटून गेली होती. सुदैवाने फाईल नष्ट झालेली नव्हती आणि तिच्यात शस्त्रक्रियेचे टिपण होते: गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद, इतर कोणतीही इजा नाही. एका स्त्रीची निवड एका कपाटाच्या साफसफाईवर अवलंबून असावी, हे आम्हांला मान्य नाही.

(दृश्य: रुग्णवाहिका, किनाऱ्याकडून महामार्गाकडे जाणारा वळणावळणाचा रस्ता)

हा रस्ता वाडीपासून सिंधुदुर्गनगरीकडे, म्हणजे ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाकडे जातो, आणि तिथे पोहोचण्यासाठी पावसाळ्यात दीड-दोन तास सहज लागतात. गुंतागुंत वाढली, तर या जिल्ह्यातील रुग्णांना पुढे गोव्यात बांबोळीला किंवा घाट चढून कोल्हापूरला न्यावे लागते. सिझरनंतरची नैसर्गिक प्रसूती गावच्या उपकेंद्रात किंवा घरी करण्याचा आग्रह कोणीही धरू नये, हे आम्ही येथे आवर्जून सांगतो. जिथे तातडीची शस्त्रक्रिया करता येते, भूलतज्ज्ञ हजर असतात, रक्त उपलब्ध असते आणि कळांच्या काळात बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवता येते, अशाच ठिकाणी ती व्हायला हवी. यंत्रातून सरकत बाहेर येणारी ही कागदी पट्टी तेच ठोके नोंदवते. व्रण उसवू लागला तर बहुतेक वेळा पहिली सूचना या पट्टीवरच मिळते. कळा आपोआप सुरू होणे येथे अधिक सुरक्षित असते. कळा औषधाने सुरू केल्यास धोका वाढतो, आणि काही गोळ्या तर अशा स्त्रियांना देऊच नयेत.

म्हणून तिने आणखी एक निर्णय घेतला. गौरी-गणपतीच्या दिवसांत चाकरमान्यांच्या गाड्यांनी महामार्ग तुंबतो आणि तिची तारीख त्याच सुमारास होती. आठ दिवस आधीच ती कुडाळला मामाच्या घरी राहायला गेली, म्हणजे रुग्णालय जवळ राहील.

(दृश्य: सल्ला कक्ष)

डॉक्टर दोन्ही वाटांचे फायदे आणि धोके सांगत आहेत. कळा पुढे सरकल्या नाहीत किंवा ठोके बिघडले तर शस्त्रक्रिया करावी लागेल, हेही त्या सांगतात आणि तिचे प्रश्न संपेपर्यंत थांबतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात संमतीबद्दल हेच म्हटले आहे: उपचाराचे स्वरूप, त्याचे धोके आणि उपलब्ध पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्यानंतर मिळालेली संमती हीच खरी संमती होय. कळा देणाऱ्या स्त्रीपुढे घाईने सरकवलेला अर्ज ही अट पूर्ण करत नाही. याच बाकावर बसलेल्या दुसऱ्या एका स्त्रीने सगळे ऐकून घेतल्यावर पुन्हा सिझरच करण्याचे ठरवले. तिचा निर्णयही तितकाच तिचा आहे आणि त्याचा आदर करणे हा याच हक्काचा भाग आहे.

(दृश्य: प्रसूतिगृहाचे बंद दार)

दाराच्या पलीकडे कॅमेरा गेला नाही. आई आत सोबत होती. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास केंद्र सरकारने २०१६ साली मान्यता दिली आहे. मुलगा योनीमार्गे जन्मला आणि दोघेही सुखरूप आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५.४ टक्के झाले. याचा अर्थ, पुढच्या खेपेला हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या स्त्रियांची संख्या दरवर्षी वाढत आहे. सिझर झाल्यावर छेदाचा प्रकार आणि शस्त्रक्रियेचे कारण माता व बाल संरक्षण कार्डावर मराठीत लिहून देण्यास वेगळा निधी लागत नाही, आणि दुसऱ्या खेपेच्या पहिल्याच तपासणीत आशाताईंनी ते पाहून तज्ज्ञांकडे पाठवले, तर सातव्या महिन्यातली धावपळ टळेल. अंतराचा प्रश्न अधिक कठीण आहे. राज्याच्या आदिवासी भागांत आरोग्य केंद्रांच्या आवारात माहेरघरे उभारली गेली, तिथे गरोदर स्त्रिया प्रसूतीच्या तारखेआधीच येऊन राहतात. किनाऱ्यावरच्या वाड्यांसाठी मोठ्या रुग्णालयांच्या आवारात तशीच सोय झाली, तर जिचे कुडाळला कोणी नातेवाईक नाहीत तिलाही कळा सुरू होण्याआधी तिथे पोहोचता येईल.