पिशवीतले कागद

(लघु माहितीपट : निवेदन, अंतिम मसुदा)

(दृश्य : पोलीस ठाण्याच्या मागचं आवार. पाऊस नुकताच थांबलाय.)

एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या मोटारसायकली. एक रिक्षा, तिच्या हुडावर पिंपळाचं रोप उगवलंय. एक पांढरी कार, पुढची काच फुटलेली, सीटवर मांजर झोपलंय. नंबरप्लेटा वाचत चला. एमएच ०४ म्हणजे ठाणे, ४३ म्हणजे वाशी, ०५ कल्याण, ४६ पनवेल. इथल्या प्रत्येक गाडीला एक गुन्हा क्रमांक आहे. काहींवर तो खडूने लिहिलाय, काहींवरचा पावसाने धुतलाय.

या रांगेतली तिसरी, टाकीला डावीकडून पोचा आलेली, ती विटाव्याच्या एका टेम्पोचालकाची. रात्रभर तुर्भ्याच्या भाजी मार्केटात माल वाहायचा आणि सकाळी मोटारसायकलवरून घरी यायचं, हा त्यांचा रोजचा रस्ता. २०२४ च्या ऑक्टोबरात ठाणे-बेलापूर रस्त्यावर दिघ्याजवळ मागून कार आली. डाव्या मांडीच्या हाडात आता रॉड आहे. क्लच डाव्या पायाने दाबतात, एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही.

(दृश्य : विटाव्यातलं घर. कॉटवर ओतलेली पिशवी. संथ क्लोजअप.)

खरं म्हणजे आम्ही निघालो होतो वकिलाची गोष्ट करायला. अपघातानंतर माणूस वकील कसा शोधतो, कुठे फसतो, कुठे तरतो. पण चित्रण एकत्र लावून पाहिलं, तर कॅमेरा सारखा या पिशवीकडे वळलेला दिसला. तेव्हा पिशवीपासूनच सुरुवात.

पिशवी साडीच्या दुकानाची, ताईंच्या, म्हणजे टेम्पोचालकाच्या पत्नीच्या, लग्नाच्या बस्त्याची. आत डिस्चार्ज कार्ड, तीन एक्स-रे, औषधांची बिलं, आरसी बुक, पॉलिसीची झेरॉक्स आणि एफआयआरची प्रत. ही बिलं जवळून पाहा. मेडिकलवाल्याच्या मशीनमधून निघणारा हा गुळगुळीत कागद. आठ महिन्यांत यातल्या चार बिलांवरची अक्षरं पार उडाली आहेत, कागद कोरा. साडेसहा हजारांचं इंजेक्शन होतं, असं ताई म्हणतात. आता ते कोण मानणार? बिल हातात पडलं की त्याच दिवशी झेरॉक्स. हे कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही, पण कोर्ट नाक्यावरचा कुठलाही ज्युनिअर वकील पहिलं वाक्य हेच बोलतो.

(ताईंचा बाइट : "मला वाटलं, पोलिसांनी केस केलीय म्हणजे सरकारी वकील बघतील सगळं.")

हा समज घरोघरी आहे. अपघातातून दोन वेगळ्या केसेस निघतात. एक फौजदारी. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, बेदरकारपणे गाडी चालवणं, आणि कलम १२५, त्यातून झालेली दुखापत. ती सरकार चालवतं, सरकारी वकील तिथेच असतात, आणि चालकाला शिक्षा व्हावी एवढाच तिचा विषय असतो. दुसरी भरपाईची. ती मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. लोक तिला नुसतं 'क्लेम' म्हणतात. तिथे सरकारी वकील तुमच्या बाजूने उभे राहत नाहीत. तिथे वकील आपला आपण पाहायचा.

आणि तिथे मुदत आहे. १ एप्रिल २०२२ पासून, अपघाताच्या तारखेपासून सहा महिने. या मुदतीवर सर्वोच्च न्यायालयात वाद गेलेला आहे, त्या आशेवर बसणारेही आहेत. आम्ही ज्या वकिलांना भेटलो, त्यांनी एकच सांगितलं : सहा महिन्यांच्या आत अर्ज टाका, वाद काय व्हायचा तो होऊ दे.

(दृश्य : ठाणे-बेलापूर रस्ता, दिघा. ट्रकांची रांग. पुलाखालचा अंधार.)

ही जागा बघा. या बाजूला दिघा, पोलीस नवी मुंबईचे. थोडं पुढे विटावा, कळवा, पोलीस ठाणे शहराचे. जखमीला ठाण्यातल्या रुग्णालयात नेलं, म्हणून एमएलसीची, म्हणजे पोलीस केस असलेल्या जखमीची, नोंद एका आयुक्तालयात आणि गुन्हा दुसऱ्या आयुक्तालयात. ताईंचे पहिले पाच दिवस यातच गेले. "तिकडे जा." "तिकडून पत्र आणा." कायदा सरळ आहे, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, ती तिथून योग्य ठाण्याकडे वर्ग होते. पण रुग्णालयाच्या जिन्यात बसलेल्या बाईला हे कोण सांगणार!

पनवेलच्या बाजूला तर आणखी मजा. कळंबोलीत अपघात झाला तर पोलीस नवी मुंबईचे आणि कोर्ट रायगड जिल्ह्याचं. त्यात दिलासा एवढाच की क्लेम टाकायला अपघाताचीच जागा लागते असं नाही. अर्जदार राहतो तिथे, किंवा समोरचा राहतो तिथेही टाकता येतो. म्हणजे विटाव्याच्या माणसाला कळंबोलीत गाडीने उडवलं, तरी तो दावा ठाणे कोर्टात लावू शकतो.

(दृश्य : तपास अधिकाऱ्याचं टेबल. फक्त हात आणि फायली.)

२०२२ पासून पोलिसांच्या कामालाही दिवस बांधून दिले आहेत. अपघात कळल्यापासून ४८ तासांत पहिला अहवाल न्यायाधिकरणाकडे. ५० दिवसांत अंतरिम. ९० दिवसांत सविस्तर. त्यात घटनास्थळाचा पंचनामा, नकाशा, फोटो, चालकाचा परवाना, गाडीची पॉलिसी, मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी, सगळं आलं पाहिजे. आणि जखमीला त्याचे हक्क सांगणारा एक छापील नमुना, दहा दिवसांत, हातात. नियमांत तो नमुना क्रमांक दोन. आम्ही पाच कुटुंबांच्या पिशव्या उघडून पाहिल्या. नमुना क्रमांक दोन एकीतही नव्हता.

मागायचा. नाव घेऊन मागायचा. आणि रस्त्यावर कॅमेरा असेल, पेट्रोल पंपाचा, दुकानाचा, पालिकेचा, तर त्याचं चित्रण ताब्यात घ्या असा साधा अर्ज तपास अधिकाऱ्याला द्यायचा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. पंपाचं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. ताईंच्या केसमध्ये ते तसंच पुसलं गेलं.

(दृश्य : कारचा तुटलेला इंडिकेटर, रस्त्याकडेच्या मातीत.)

कारचालक आमच्याशी बोलायला तयार झाला नाही, म्हणून त्याची बाजू इथे नाही. त्याच्या जागी उद्या आपणही असू शकतो, तेव्हा कायदा त्याला काय सांगतो तेवढं सांगून पुढे जाऊ. मोटार वाहन कायद्याचं कलम १३२ : थांबायचं. कलम १३४ : जखमीला डॉक्टरकडे पोचवायचं. जमाव अंगावर येत असेल तर गोष्ट वेगळी, ती सूट कायद्यातच आहे. जखमीला डॉक्टरकडे पोचवायचं. पोलिसांनी विचारलं तर माहिती द्यायची, आणि जागेवर पोलीस नसतील तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात स्वतः जाऊन कळवायचं. विमा कंपनीला लेखी कळवायचं : पॉलिसी क्रमांक, तारीख, वेळ, जागा, जखमीचं नाव, चालकाचं नाव, परवान्याचा तपशील. फोन केला म्हणजे कळवलं असं धरू नका. मदत करणाऱ्या तिसऱ्या माणसाला घाबरायचं कारण नाही. कलम १३४ अ त्याच्यासाठीच आहे, त्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.

इथे एक गोष्ट मात्र कारवाल्याने केली. तिसऱ्या दिवशी त्याचा भाऊ दहा हजार रुपये आणि लिहून आणलेला एक कागद घेऊन आला. 'आमची कोणतीही तक्रार नाही.' ताईंच्या दिराने सही करायला पेन हातात घेतलं होतं. शेजारच्या कॉटवरच्या म्हातारबुवांनी हटकलं, म्हणून राहिलं.

(दृश्य : रुग्णालयाच्या फाटकाबाहेरची चहाची टपरी. संध्याकाळ.)

आणि मग आला तो. त्याचं चित्रण आमच्याकडे नाही, टपरी आहे. पांढरा शर्ट, काखेत फाइल, फाइलीत कोरी वकीलपत्रं. "सगळं मी बघतो. आत्ता एक पैसा नको. पैसे आले की पंचवीस टक्के." कुणाला अशा वेळी एक पैसा नको असं म्हटल्यावर तो माणूस देवासारखाच वाटणार.

नीट ऐका. वकिलाला निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत तशी बंदी आहे. फी ठरलेली असते, हप्त्याने घेता येते, उशिरा घेता येते, पण टक्केवारी नाही. वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही आणि दलाल पाठवून पक्षकार गोळा करता येत नाहीत. तरी टक्केवारी चालते. कळव्यात चालते, कोपरखैरण्यात चालते, सगळ्यांना माहीत आहे आणि कॅमेऱ्यापुढे कुणी बोलत नाही.

ताईंनी सही केली होती. कोऱ्या वकीलपत्रावर, आणि बँकेच्या खातं उघडण्याच्या फॉर्मवरसुद्धा.

(दृश्य : कोर्ट नाका, ठाणे. टायपिंगची टेबलं, काळे कोट, रसवंती.)

जिल्हा न्यायालय. आत कॅमेरा नेता येत नाही, त्यामुळे आपण इथेच, टायपिंगवाल्यांच्या छत्र्यांखाली. याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि या चित्रफितीतून एकच पत्ता लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. तिथे वकील फुकट मिळतो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न विचारत नाहीत. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर. फोन १५१००. ताई तिथे जाऊन म्हणाल्या, मला वकील हवाय. समोरच्या बाईंनी विचारलं, जखमी कोण? यजमान. मग अर्ज त्यांच्या नावाने. उत्पन्नाचा दाखला, आधार, एफआयआर. प्राधिकरणाच्या पॅनलवरचे वकील नेमून मिळाले. जुनं वकीलपत्र रद्द करायला एक अर्ज लागला. तो माणूस पुन्हा दिसला नाही.

फुकट म्हणजे टाकाऊ, असं म्हणणारे भेटतील. काही वेळा खरंही असतं. म्हणून वकील पॅनलवरचा असो की पैसे देऊन केलेला, त्याला पारखायची एक सोपी रीत. मोबाइलवर ईकोर्ट्सचं ॲप आहे. त्यात वकिलाच्या नावाने शोध घेता येतो. ठाणे जिल्हा निवडा, नाव टाका, आणि 'एमएसीपी', म्हणजे मोटार अपघात दाव्याच्या, प्रकारातल्या केसेस किती दिसतात ते बघा. घटस्फोटाच्या दोनशे आणि अपघाताची एक, असा वकील वाईट नसेल, पण आपला नव्हे. समोर बसलात की वकिलीची सनद बघा, त्यात लाजायचं काही नाही. तारखेला स्वतः उभे राहणार की ज्युनिअरला पाठवणार, हे विचारा. फीची पावती मागा. आणि दावा दाखल झाला की १६ अक्षरांचा सीएनआर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक घ्या, ठाण्याचा असेल तर 'एमएचटीएच'ने सुरू होतो. तो मोबाइलमध्ये असला की तारीख विचारायला कुणाच्या दारात जावं लागत नाही.

(दृश्य : वहीच्या पानावर वकील आकडे मांडतायत. पेनाचं टोक.)

हे पान आम्ही पूर्ण चित्रित केलं, कारण इतकं स्वच्छ कुणी मांडून दाखवत नाही. वय ३६. महिन्याचे २०,००० रुपये, म्हणजे वर्षाचे २,४०,०००. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरतात, ते २०१७ च्या प्रणय सेठी निकालामुळे. झाले ३,३६,०००. आता पाय. डॉक्टरच्या दाखल्यावर अपंगत्व समजा ३५ टक्के आहे. पण क्लच दाबता येत नसेल तर टेम्पोचालकाची कमाई ३५ टक्क्यांनीच जाते का? दाखल्यातली टक्केवारी आणि कमाईचं नुकसान वेगळं मोजायचं, हे राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. कोर्टाने ५० टक्के धरलं, तर वर्षाचं नुकसान १,६८,०००. वय ३६ ते ४० ला गुणक १५, म्हणजे वर्षाचं नुकसान गुणिले १५, तो २००९ च्या सरला वर्मा निकालातला. एकूण २५,२०,०००. उपचाराचा खर्च आणि वेदनेचे पैसे वेगळे.

त्यातले पंचवीस टक्के म्हणजे ६,३०,०००.

आणि आता वहीत पहिल्या ओळीवर फुली. कारण महिन्याचे २०,००० रोखीत मिळायचे. पगारपत्रक नाही, रिटर्न नाही, बँकेत नोंद नाही. न्यायाधिकरणाने अंदाजाने १०,००० धरले की खालचा प्रत्येक आकडा निम्मा.

(दृश्य : घरात, वॉकर. वेगाने पुढे.)

दावा फेब्रुवारी २०२५ मध्ये दाखल झाला. घर आता ताईंच्या पोळीभाजीच्या डब्यांवर चाललंय, मोठ्या मुलीने बारावीनंतर शिक्षण थांबवलंय. अपघातानंतरच्या पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचाराची केंद्राची योजना मे २०२५ मध्ये आली, यांच्या वेळी ती नव्हती. गाडी पळून गेली असती तर गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख, तेही तहसील किंवा प्रांत कार्यालयामार्फत वेगळा अर्ज करून.

(दृश्य : कोर्टाबाहेर, तारखेनंतर.)

विमा कंपनीच्या वकिलांनी वेळ मागितली, मिळाली. ताईंनी आपल्या वकिलांना विचारलं, पुढच्या तारखेला येऊ का? ते म्हणाले, तुम्ही नाही आलात तरी चालेल. ज्यांचा माल ते वाहायचे, त्या व्यापाऱ्याला आणा. महिन्याला किती द्यायचा, हे त्याने येऊन सांगायचं.

(दृश्य : तुर्भे, भाजी मार्केट. पहाटे चार. पिवळे दिवे, हमाल, ओल्या पोत्यांच्या थप्प्या.)

कोबीच्या गोण्यांमधून वाट काढत ताई गाळ्यापाशी पोचतात. शेठ फोनवर आहेत, दुसऱ्या हातात पावतीबुक. ताई थांबतात. एक ट्रक रिकामा होतो, दुसरा लागतो. शेवटी ते वर बघतात, ओळखतात, पाय कसा आहे म्हणून विचारतात. कोर्टाचं नाव निघाल्यावर पावतीबुक मिटतात.

"माझ्या वहीत पगार असा नाही लिहिलेला, वहिनी. बघू."

ताई पिशवी दुसऱ्या हातात घेतात. पुढच्या गाळ्याचा शेठ पाच वाजता येतो, त्याच्याकडेही ते वर्षभर माल वाहायचे.