दिवा लपवा, उजेड दाखवा

नमस्कार श्रोतेहो. जत्रांचे दिवस आहेत. तुमच्यातले बरेच जण आज रात्री दशावताराला जाऊन बसणार. निघण्याआधी चार गोष्टी काळोखाच्या ऐका.

मोठ्या थीम पार्कात ‘डार्क राइड’ असते. छोट्या गाडीत बसायचं आणि काळोख्या दालनांतून देखावे बघत फिरायचं. गणपतीतल्या हलत्या देखाव्यांसारखंच, फक्त इथे आपणही फिरतो. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये १९६९ साली सुरू झालेल्या ‘हाँटेड मॅन्शन’मध्ये भुतं नाचतात, तीही आरपार दिसणारी! समोर भली मोठी काच असते आणि बाहुल्या आपल्या नजरेआड. बाहुलीवर दिवा पडला की काचेत तिचं प्रतिबिंब उमटतं. दिवा मालवला की भूत गेलं. जॉन पेपर यांनी लंडनमध्ये ही करामत १८६२ मध्येच दाखवली होती. आणि आपण? रात्रीच्या एसटीत आतला दिवा लागला की आपलाच चेहरा बाहेरच्या माडांवर तरंगताना बघतोच की.

अशी जुनी राइड नव्याने सजवताना खरी कसोटी दिव्यांची. तारेचा जुना बल्ब मंद केला की उजेड पिवळ्याचा तांबूस होत जातो, विझत्या निखाऱ्यासारखा. साधा एलईडी मंद करा, रंग तोच राहतो आणि शेवटी कधी कधी टपकन विझतो. मग त्यात अंबर रंगाचे दिवे मिसळून तो निखारा परत आणावा लागतो. शिवाय काळोखाला पुरतं सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात. राइड तर काही मिनिटांचीच. म्हणून रांगेपासूनच उजेड हळूहळू उतरवत न्यायचा. मध्येच एक उघडा बल्ब डोळ्यांवर आला, की सगळी मेहनत पाण्यात.

आमच्या लहानपणी दहीकाल्याला, म्हणजे दशावताराच्या खेळाला, गॅसबत्ती असायची. कोणीतरी अधूनमधून उठून पंप मारायचा. उजेड पडद्यापर्यंत पोचता पोचता दमायचा, आणि काळ्या वेशातला संकासुर राक्षस आला की आधी नुसती हालचाल दिसायची. काळोख कुठे संपतो नि संकासुर कुठे सुरू होतो, कळायचं नाही. आता चारी कोपऱ्यांत पांढरे फ्लडलाइट. संकासुराच्या पाठीची सेफ्टी पिनसुद्धा दिसते.

गेल्या जत्रेत मी वायरमनला म्हटलं, “पुढचे दोन बंद कर.”

“काका, लोकांका दिसतला काय?”

“व्हया तेवढा दिसतला.”

त्याने केले. पहिल्या रांगेतली पोरं गुपचूप आयांच्या मांडीवर सरकली. दहा मिनिटं काय रंगलं म्हणता! मग मागून कोणीतरी ओरडलं, “माझी चप्पल खंय गेली रे?” आणि चारही दिवे पुन्हा लागले.